ग्रंथालयातले उपक्रम घेताना पुस्तकच बाजूला राहतं? या चुका टाळा

सहावीच्या मुलांनी एकदा माझ्या ग्रंथालयाच्या तासाला वाघाची एक गोष्ट वाचून वाघाचे मुखवटे केले. दोन तासिका त्यात गेल्या. पुठ्ठा, रंग, झाडूच्या काड्यांच्या मिशा असं सगळं जमवलं होतं. मुलं खूश, पालकही खूश. आठवड्याने सहज विचारलं, "गोष्टीतला वाघ शेवटी कुठे जातो रे?" उत्तर तिघाचौघांनाच आलं. मुखवटा करायला पुस्तक परत उघडायची गरजच मी ठेवली नव्हती, त्यामुळे पहिल्या वाचनानंतर ते टेबलावर तसंच पडून होतं.

तेव्हापासून कुठलाही उपक्रम ठरवताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारते: हे पुरं करायला मुलाला पुस्तकाची पानं पुन्हा उलटावी लागतील का? लागणार नसतील, तर तो हस्तकलेचा तास झाला. हस्तकलेचा तास वाईट नव्हे, पण ग्रंथालयाचा तास आठवड्यातून एकदाच मिळतो. पुढच्या वर्षी तेच मुखवटे पुन्हा केले, पण एका अटीवर. वाघाचा चेहरा गोष्टीत कुठे कुठे बदलतो ते शोधायचं, त्यातला एक निवडायचा आणि ज्या वाक्यावरून तो निवडला ते वाक्य मुखवट्याच्या आतल्या बाजूला लिहायचं. "चिडलेला" आणि "घाबरून चिडलेला" यांवर दोन मुलींचा वाद झाला आणि तो मिटवायला पुस्तक चार वेळा उघडलं गेलं.

सगळं १५ ऑक्टोबरवर ढकलू नका

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. चांगलंच आहे. मात्र अनेक शाळांत त्या दिवशी पुस्तकं सतरंजीवर मांडली जातात, फोटो निघतात आणि दुपारी कपाटाला कुलूप लागतं. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाला पुन्हा तेच. वर्षातून दोनदा बाहेर येणाऱ्या पुस्तकाशी मुलाची ओळख कशी होणार? त्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या वारी पस्तीस मिनिटं मिळवा आणि परीक्षा जवळ आली तरी ती सोडू नका.

कुलपामागे बहुतेक वेळा भीती असते. पुस्तक हरवलं तर तपासणीच्या वेळी दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, जुळणार नाही, ही ती भीती. ती खोटी नाही, मीही या बाबतीत बोलणी खाल्ली आहेत. पण ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम ग्रंथ वापरण्यासाठी आहेत असं सांगतो. वापरलेलं पुस्तक झिजणार, फाटणार. ते रीतसर निर्लेखित करता येतं, म्हणजे नोंदवहीतून कमी करता येतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप मात्र लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो आणि अक्षरं डागाळतात. पातळ कागदाची पट्टी आणि थोडा पांढरा डिंक पुरतो. खळ वापरून केलेल्या वस्तू पुस्तकांच्या कपाटात ठेवू नका, त्यांना कसर आणि झुरळं लागतात.

तात्पर्य विचारायची घाई

गोष्ट संपली रे संपली की "यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न आपल्या तोंडात तयारच असतो. मुलांनाही उत्तर पाठ आहे: खरं बोलावं, एकीने राहावं, आळस करू नये. हे उत्तर आलं की गोष्टीचं दार बंद होतं. त्याऐवजी "कुठल्या पानावर तुला थांबावंसं वाटलं?" असं विचारा आणि ते पान दाखवायला सांगा. "पुस्तकाचे नाव, लेखक, मला आवडलेला भाग" या साच्यातला पुस्तक परिचय दर आठवड्याला लिहून घेऊ नका. मुलं मग परिचयाला सोपं जाईल असं, म्हणजे सगळ्यात बारीक पुस्तक निवडायला लागतात.

चित्रकथी: पद्धत घ्या, नक्कल नको

मोठ्या चित्रांवरून गोष्ट सांगणं हा माझा सर्वांत आवडता उपक्रम आहे. त्यासाठी परदेशी नमुने शोधायची गरज नाही. सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेच्या अशा चित्रांच्या जुडग्याला पोथी म्हणतात. वीणेच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गात एकेक चित्र समोर येतं. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

शाळेत हे करताना हमखास होणारी चूक म्हणजे इंटरनेटवरची पिंगुळीची चित्रं छापून मुलांकडून रंगवून घेणं. आपण त्यांच्याकडून सांगण्याची रीत शिकायची आहे. चित्रं मुलांची असू द्या, गोष्ट तुमच्या कपाटातली. जमत असेल तर एखाद्या कलाकाराला बोलवा आणि मानधन द्या. "मुलांसाठीच आहे" म्हणून कलाकाराला फुकट राबवू नका.

दुसरी अडचण चित्राच्या आकाराची. मुलं वहीतल्यासारखं काढतात: कोपऱ्यात सूर्य, खाली दूर्वा, मधोमध बोटाएवढी माणसं. शेवटच्या रांगेत काही दिसत नाही. निम्म्या कार्डशीटवर एका चित्रात दोन किंवा तीनच आकृत्या, माणूस वीतभर उंच, काळ्या जाड रेषेने बाह्याकार असा नियम ठेवा. रंगवण्याआधी कच्चं चित्र भिंतीला लावून वर्गाच्या दारातून बघायला सांगा. जे दिसत नाही ते मुलं आपणहून मोठं करतात.

आणि पाठीमागे संपूर्ण मजकूर लिहून देऊ नका. लिहून दिला की मुलगा मान खाली घालून वाचतो आणि समोरच्यांना फक्त कागद दिसतो. मागे फक्त चित्राचा क्रमांक आणि पुस्तकाचा पान क्रमांक लिहा. सराव करताना अडलं की त्याने पान उघडून पाहावं आणि मग आपल्या शब्दांत सांगावं. चार-पाच वेळा असं झालं की लेखकाचे दोन-तीन शब्द त्याच्या तोंडी आपोआप बसतात. ते ऐकताना मला फार बरं वाटतं.

एका कागदाचं पुस्तक का बिघडतं

ए-फोर कागदाचं आठ पानी पुस्तक सगळ्यांना ठाऊक असतं, आणि निम्म्या वर्गाचं बिघडतं. लांब कडा जुळवून घडी घाला, उघडा. आखूड कडा जुळवून घडी, त्यावर त्याच दिशेने आणखी एक. उघडलं की आठ चौकोन दिसतात. आता आखूड कडा जुळवून एकच घडी ठेवा आणि घडीच्या बंद बाजूने मधल्या रेषेवरून पुढच्या घडीपर्यंतच कात्री चालवा. घोळ होतो तो इथे. उघड्या बाजूने कापलं तर चीर मधोमध न पडता दोन्ही टोकांना पडते, मग पुस्तक मिटत नाही. आरपार कापलं तर हातात दोन पट्ट्या येतात. कापण्याआधी प्रत्येकाला बंद बाजूवर पेन्सिलीने फुली मारायला सांगा. मग कागद उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, अधिकचं चिन्ह तयार होईल, आणि पानं एका दिशेने गुंडाळून घ्या.

उघड्या कागदावरच लिहायला सुरुवात केली तर चार पानं उलटी येतात. आधी पुस्तक घडवा, पानांवर क्रमांक टाका, मग हवं तर उघडून लिहा. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून गोष्टीला सहाच पानं उरतात. ही अडचण मला सोन्यासारखी वाटते. सहा पानांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला मूळ गोष्ट परत वाचल्याशिवाय इलाज नसतो.

बाहुल्यांच्या सावल्यांनी गोष्ट सांगायच्या खेळात एकच चूक सगळं घालवते: ट्यूबलाइट. लांबलचक उजेडाची सावली पसरते आणि पुसट पडते. खोलीत अंधार करा, एकाच मोबाइलची बॅटरी लावा आणि पडद्याला जुनं पांढरं धोतर बांधा. बाहुली पडद्याला टेकवली की सावली ठसठशीत, दिव्याकडे नेली की मोठी आणि धूसर. राक्षस कधी मोठा करायचा हे मुलं गोष्ट वाचून ठरवतात.

रेकॉर्डिंग: आवाज आणि बोली

गोष्ट वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची असेल, तर पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पत्र्याच्या छपराखालची खोली टाळा. ग्रंथालयाची खोली बरी, पुस्तकांच्या रांगा आवाज घुमू देत नाहीत. तेवढी पुस्तकं नसतील तर मुलाच्या समोर आणि बाजूला गोधड्या टांगा. फोन तोंडासमोर न धरता तोंडापासून एक वीत दूर, जरा बाजूला ठेवा. नाहीतर "फ" आणि "भ" आले की हवेचा फुत्कार थेट माइकवर आदळतो.

त्याहून मोठी चूक आपली, शिक्षकांची. "पानी" नाही, "पाणी" म्हण, असं दर वाक्याला टोकलं की मूल गोष्ट विसरून उच्चारांकडेच बघत राहतं. पुस्तकातला मजकूर वाचताना तो जसा आहे तसा वाचायचा, हे ठीक. पण स्वतःच्या शब्दांत सांगताना अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, पावरी, जी घरची बोली असेल तिच्यात सांगू द्या. वर्षभर गप्प असलेली एक मुलगी आजीच्या बोलीत गोष्ट सांगायला लागली तेव्हा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघत होता. त्या आधी तिचा आवाज कसा आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं.

यूट्यूबवर टाकण्याआधी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळांना सवलत आहे. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी एखादी गोष्ट सादर केली आणि प्रेक्षक विद्यार्थी, पालक आणि शाळेतलेच लोक असले, तर हक्कभंग होत नाही. तीच गोष्ट संपूर्ण वाचून यूट्यूबवर टाकणं हे निराळं. तिथे लेखक-प्रकाशकाची परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. पण नव्या आवृत्तीतली चित्रं चित्रकाराची असतात, ती उचलू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी सीसी बाय ४.० या खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावं देऊन त्या वाचता, बदलता, मुद्रित करता येतात. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. आवाज आणि चित्रं पुरेशी असतात, चेहऱ्याची गरज क्वचितच पडते.

उपक्रम झाल्यावर पुढच्या आठवड्याची देवघेव नोंदवही जरूर पाहा. ते पुस्तक कोणीच घरी मागितलं नसेल तर उपक्रमात काय राहिलं ते शोधा. मागणी वाढली आणि प्रत एकच असेल, तर कपाटाच्या दारावर कागद लावून पेन्सिल दोरीने बांधून ठेवा. मुलं आपणहून खाली खाली नावं लिहितात, आणि पुस्तक कधी मिळणार हे मला न विचारता वरच्या नावाच्या मुलाला गाठून विचारतात, "कुठपर्यंत आलास?"