रिफायनरीचा नेट-झिरो हिशेब : या चुका टाळा

ओएनजीसीने २०३८, बीपीसीएल आणि एचपीसीएलने २०४०, तर इंडियन ऑइलने २०४६ हे नेट-झिरोचं (निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचं) वर्ष जाहीर केलं आहे. चारही लक्ष्यं स्कोप १ आणि २ पुरती आहेत, म्हणजे कुंपणाच्या आत होणारं उत्सर्जन आणि विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन. विकलेलं पेट्रोल-डिझेल गाडीत जळतं ते स्कोप ३, आणि तेल कंपनीचा सर्वांत मोठा वाटा तिथेच असतो. त्यामुळे अहवालात नुसतं ‘नेट-झिरो’ लिहू नका. ‘स्कोप १ व २’ हे शब्द त्याच वाक्यात हवेत, तळटीपेत नव्हे.

पण खरी गडबड कुंपणाच्या आतच होते. आधारवर्षाचा (ज्या वर्षाशी पुढची घट ताडून बघतात, त्याचा) आकडा चुकला की पुढची सगळी ‘घट’ संशयास्पद ठरते.

बिलातल्या उष्णतेला थेट गुणू नका

भारतात नैसर्गिक वायूचं बिल सहसा जीसीव्हीवर, म्हणजे ज्वलनात तयार होणाऱ्या वाफेची उष्णता धरून काढलेल्या एकूण उष्मांकावर निघतं. आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा) ५६.१ किलो CO₂ (कार्बन डायऑक्साइड) प्रति गिगाज्यूल हा गुणांक मात्र एनसीव्हीसाठी, म्हणजे ती उष्णता वगळून काढलेल्या निव्वळ उष्मांकासाठी आहे. १,००० एमएमबीटीयूचं (एक एमएमबीटीयू म्हणजे दहा लाख बीटीयू) बिल म्हणजे १,०५५ गिगाज्यूल. थेट गुणलं तर ५९.२ टन कार्बन डायऑक्साइड येतो. वायूचा एनसीव्ही जीसीव्हीच्या साधारण ९० टक्के असतो. तो धरून गुणलं तर ५३.३ टन येतो. जास्त आकडा दाखवणं सुरक्षित वाटतं, पण ते तसं नाही. आधारवर्ष फुगलेलं राहिलं आणि पुढे कोणी पद्धत सुधारली, तर एकही बर्नर न बदलता दहा टक्के घट दिसते. पद्धत बदलली की आधारवर्षही त्याच पद्धतीने पुन्हा काढा. जुनं युनिट विकलं किंवा बंद करून बाहेरून हायड्रोजन घ्यायला लागलात, तरी हेच लागू.

ज्याचं बिल येत नाही, तो कार्बन सुटतो

इंधन-खरेदीच्या नोंदींवरून हिशेब केला की दोन मोठे स्रोत हमखास निसटतात. पहिला एफसीसीचा (उत्प्रेरकाच्या मदतीने जड तेल फोडणाऱ्या युनिटचा) रीजनरेटर. उत्प्रेरकावर साचलेला कोक, म्हणजे कार्बनचा थर, तिथे जाळला जातो. तो कोणी विकत घेतलेला नसतो, पण त्यातल्या एक टन कार्बनमागे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेचा प्रवाह आणि फ्लू गॅसमधला (बाहेर पडणाऱ्या धुरातला) CO₂, CO (कार्बन मोनॉक्साइड) व ऑक्सिजन यांवरून जळलेला कोक काढा. CO बॉयलर (हा CO जाळून वाफ करणारा) असेल तर CO सुद्धा शेवटी CO₂ होतो, तो धरायला विसरू नका.

दुसरा हायड्रोजन युनिट. मिथेन फीड (कच्चा माल) असेल तर एक किलो हायड्रोजनमागे रासायनिक क्रियेतूनच ५.५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बर्नरचं इंधन त्यावर वेगळं, आणि एकूण बेरीज ९-१० किलोच्या आसपास जाते. नुसतं बर्नरचं इंधन मोजलं तर अर्ध्याहून जास्त उत्सर्जन कागदावर येतच नाही. उलट चूकही होते : पीएसएचा (हायड्रोजन शुद्ध करणाऱ्या युनिटचा) टेल गॅस, म्हणजे उरलेला वायू, रिफॉर्मरच्या (वायूपासून हायड्रोजन बनवणाऱ्या भट्टीच्या) बर्नरमध्ये परत जातो. फीडचा सगळा कार्बन आधीच धरला असेल तर टेल गॅस ‘इंधन’ म्हणून पुन्हा मोजू नका.

फ्लेअरची ज्योत स्वच्छ दिसते, म्हणून ९८ टक्के धरू नका

फ्लेअर म्हणजे नको असलेला वायू जाळून टाकायची उंच चिमणी. मिथेनचा २८ हा शंभर वर्षांचा गुणांक (शंभर वर्षांत एक टन मिथेनचा तापमानावरचा परिणाम २८ टन CO₂इतका) घेऊन बघा. एक टन मिथेन फ्लेअरला गेला आणि ९८ टक्के जळला, तर परिणाम सुमारे ३.३ टन CO₂ इतका होतो. ९० टक्केच जळला तर तोच आकडा ५.३ टनांवर जातो. ज्वलन बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जादा वाफ. धूर दिसला की वाफ वाढवली जाते, धूर थांबल्यावर ती कमी करायची राहून जाते आणि व्हॉल्व्ह मॅन्युअलवर तसाच उघडा राहतो. ज्योत जवळजवळ अदृश्य होते आणि न जळलेला वायू निसटतो.

तपासणी या क्रमाने करा : वाफेचा व्हॉल्व्ह ऑटोवर आहे का, फ्लेअर गॅसमध्ये नायट्रोजन वाढला आहे का, पायलट (ज्योत पेटती ठेवणारे छोटे बर्नर) पेटलेले आहेत का. वाफ मिसळल्यानंतरचा उष्मांक वेगळा काढा. अमेरिकेच्या रिफायनरी नियमांत त्याची किमान मर्यादा २७० बीटीयू प्रति घनफूट आहे, आपल्याकडेही तीच धरून चालायला हरकत नाही. मीटर मोठ्या प्रवाहासाठी निवडलेला असेल तर रोजचा बारीक प्रवाह त्यात शून्य दिसू शकतो. तो शून्य खरा मानू नका.

ग्रिडच्या विजेवरचा हायड्रोजन

इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज घेतो. ग्रिडचा गुणांक प्रति युनिट सुमारे ०.७ किलो धरला तर किलोमागे निदान ३५ किलो CO₂ होतो, म्हणजे वायूपासून केलेल्या हायड्रोजनच्या तिपटीहून जास्त. भारताच्या २०२३च्या मानकात हरित हायड्रोजनला बारा महिन्यांच्या सरासरीने किलोमागे २ किलोची मर्यादा आहे. सौर प्रकल्पाचा करार झाल्याशिवाय इलेक्ट्रोलायझरची ऑर्डर देऊ नका. रात्री तो कोणत्या विजेवर चालणार, हे करारातच लिहून घ्या. हीच काळजी कॅप्टिव्ह (रिफायनरीची स्वतःची) टर्बाइन बंद करून ग्रिडची वीज घेतानाही हवी : स्कोप १ उतरतो, पण स्कोप २ चढतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा.

सबस्टेशन

SF₆ची (ब्रेकरमध्ये, म्हणजे वीजप्रवाह तोडणाऱ्या स्विचमध्ये, भरलेल्या विद्युतरोधक वायूची) नोंद बहुतेक ठिकाणी ‘टॉप-अप केलं’ एवढीच असते. हा वायू एक किलो निसटला की २३,५०० किलो CO₂इतका परिणाम होतो. भरण्याआधी आणि नंतर सिलिंडरचं वजन करा आणि ब्रेकरच्या क्रमांकासह लिहा. एकाच ब्रेकरला वारंवार गॅस लागत असेल तर पुन्हा भरण्याआधी गळती शोधून सील बदला.