गावात शाळा आणि विकासकामं एकत्र चालवताय? या चुका टाळा

खेड्यातली शाळा आणि तिच्याभोवतीचा ग्रामविकास प्रकल्प पैशाअभावी बंद पडतो, असं बाहेरच्यांना वाटतं. आत राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. पंपाची किल्ली ज्याच्याकडे असते तो तालुक्याला गेलेला असतो. समितीची बैठक लावली जाते तेव्हा सगळी आई-मंडळी खुरपणीला असतात. शौचालय असतं, पण त्याला कुलूप असतं. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच: कामाचं वेळापत्रक संस्थेच्या सोयीनं ठरतं आणि देखभाल कुणी करायची हे ठरतच नाही.

हजेरी घसरली की पालकांवर खापर

पट साठचा आणि वर्गात बसलेली मुलं पस्तीस, हे दिसलं की ‘इथल्या पालकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही’ हे वाक्य ठरलेलं. त्याआधी हजेरीपत्रक आठवड्यांनुसार उलगडून बघा. गळती पेरणीत होते, कापूस वेचणीत होते, बाजाराच्या दिवशी होते की दिवाळीनंतर एकदम? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. बाजाराच्या दिवशी सकाळची शाळा भरवून भागतं. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहत असेल तर अंगणवाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का ते पाहा. तिथे समुपदेशनाचा काही उपयोग नाही.

ऊसतोडीचं स्थलांतर हा मात्र मोठा विषय. कारखान्यांचे बॉयलर पेटले की टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. चूक अशी होते की कुटुंबं निघून गेल्यावर यादी करायला घेतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली जाते ती पावसाळ्यातच, त्यामुळे कुठलं घर जाणार हे गावाला तेव्हाच माहीत असतं. यादी दसऱ्याच्या आत तयार हवी. मूल आजीपाशी राहणार, हंगामी वसतिगृहात, की आई-बापाबरोबर जाणार, हे घरागणिक बोलून ठरवा. जाणार असेल तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवायचं त्याच्या शिक्षणाच्या नोंदीचं पत्रक, त्याच्यासोबत द्या. दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात ते स्पष्ट आहे, आणि पालकांना हे एका ओळीत सांगून ठेवलेलं बरं. परत आलेल्या मुलाला खालच्या वर्गात ढकलू नका. चौथं कलम वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण या दोन्हींचा हक्क देतं.

गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेऊ, हा विचार बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरमधल्या कोसबाडला कुरणशाळेच्या रूपानं प्रत्यक्षात आणला. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इतकी वर्षं झाली, तरी आपण अजून घंटा वाजवून वाट बघत बसतो!

आणि मूल वर्गात गप्प बसत असेल तर ते मंद आहे असा शेरा मारण्याआधी त्याच्या घरी कोरकू, भिली किंवा गोंडी बोलतात का ते विचारा. गावातलीच एखादी शिकलेली ताई पहिलीच्या वर्गात शिक्षकासोबत बसली की पहिल्या सत्रातच फरक जाणवतो.

सह्यांची समिती

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, हे कायद्यानं सांगितलं. विनाअनुदानित खासगी शाळेला ही सक्ती नाही, तरी अशी समिती जरूर करा. कागदावर आकडे बसतात. बैठक मात्र सकाळी अकराला ठेवली जाते, म्हणजे रोजंदारीवाल्या बाईनं दिवस बुडवून यायचं. ती येत नाही, मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करतो. अशा समितीकडून वर्षाच्या शेवटी ‘सहकार्य’ मिळत नाही म्हणून तक्रार करण्यात काय अर्थ? बैठक संध्याकाळी घ्या, वस्तीवर घ्या, आणि गेल्या बैठकीत ठरलेल्यापैकी काय झालं, काय नाही, हे सगळ्यात आधी वाचून दाखवा.

ग्रामसभेच्या बाबतीत गैरसमज आणखी आहेत. पंधरा ऑगस्टच्या गर्दीत आपला विषय रेटून मंजूर करून घ्यायचा आणि काम फत्ते समजायचं, ही नेहमीची घाई. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. तहकूब सभेला तर गणपूर्तीचीही अट नाही. म्हणजे ठराव होतो, पण वरच्या आळीला त्याचा पत्ता नसतो, आणि पाइपलाइन खोदायला गेलं की भांडण उभं राहतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगटात आधी विषय समजून घ्यायचा आणि मग सर्वसहमतीनं निर्णय घ्यायचा अशी रीत पाडली. वेळ लागतो. पण एकदा ठरलं की कुणी मोडत नाही. निदान ग्रामसभेआधीच्या महिला सभेत तरी विषय मांडा. पाण्याची आणि शौचालयाची खरी माहिती तिथेच मिळते.

निधीचंही तसंच. शाळेला टाकी हवी म्हणून फेब्रुवारीत सरपंचांकडे जाल तर ते हात वर करतील, आणि त्यांचं चूक नसेल. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण गांधी जयंतीच्या सुमारास आकार घेऊ लागतो. मागणी लेखी आणि अंदाजपत्रकासह तेव्हाच द्यायची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवला होता. तरी कितीतरी शाळा नळाविना राहिल्या, कारण आराखड्यात त्यांचं नावच नव्हतं.

शौचालय: बांधलं, रंगवलं, कुलूप लावलं

यावर जरा थांबायला हवं, कारण शाळेचा कारभार कसा आहे हे ऑफिसपेक्षा इथे लवकर कळतं. कुलूप का लागलं याची कारणं सहसा तीन: आत पाणी नाही, साफसफाई कुणाची ते ठरलेलं नाही, किंवा खड्डा भरला.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो. गवंडी मैला एका खड्ड्याकडे वळवणाऱ्या वाय आकाराच्या चेंबरमध्ये दोन्ही तोंडं उघडी सोडून जातो आणि दोन्ही खड्डे एकदमच भरत जातात. बांधकाम झाल्यावर झाकण उचलून हे स्वतः बघा. दुसरी गफलत ‘मजबुती’साठी खड्ड्याला आतून गिलावा करण्याची. मग पाणी जिरणार कुठून? विटांमध्ये मोकळ्या फटी हव्यात आणि तळ कच्चा हवा. खड्डा काही महिन्यांतच तुंबला तर आधी पाहा की हात धुण्याचं किंवा पावसाचं पाणी त्यात जात नाही ना. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद ठेवला की मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. त्याआधी उपसू नका. विहीर किंवा बोअर जवळ असेल, किंवा पावसाळ्यात भूजल वर येत असेल, तर जागाच बदला.

मुलींच्या शौचालयात आतून लागणारी कडी, झाकणाचा डबा आणि आतच पाण्याचा नळ हवा. बादली घेऊन सगळ्यांसमोरून जावं लागत असेल तर मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. आणि साफसफाई मुलांच्या अंगावर टाकू नका, ठरावीक घरच्या मुलांवर तर मुळीच नाही. माणूस नेमा, पगार आधी बाजूला काढा.

पाणी अडवलं, ते गेलं कुठे?

पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याचं, काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी सुरुवात नाला खोलीकरणानं होते, कारण जेसीबीचा फोटो चांगला येतो. वर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले चर, नसतील तर पहिल्या मोठ्या पावसातच गाळ खाली येतो. त्याहून मोठी चूक म्हणजे उपशाचा नियम न करणं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, म्हणून तिथे पाणी टिकलं. नियमाशिवाय अडवलेलं पाणी ज्याची बोअर खोल त्याच्या शेतात जातं, आणि पुढच्या वर्षी श्रमदानाला भूमिहीन माणूस येत नाही. त्यानं का यावं?

कागद

थोडक्यात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्या. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेण्याआधी सीएसआर-१ ही संस्थेची सरकारी नोंदणी करून घ्या. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, परदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनं ते बंद केलं. आणि व्हाउचर त्याच दिवशी लिहा, मार्चमध्ये आठवून नको.

पाहुणे

देणगीदार, विद्यार्थ्यांचे गट, अधिकारी, कुणाचे तरी नातेवाईक. प्रत्येक वेळी वर्ग थांबतात, मुली ओवाळायला उभ्या राहतात, दोन शिक्षक चहापाण्यात गुंततात. महिन्यातला एकच दिवस भेटीसाठी राखा. त्या दिवशीही तास चालूच राहतील, स्वागतगीत होणार नाही आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढता येणार नाहीत, हे होकाराच्या पत्रातच लिहून पाठवा.