परदेशी विद्यापीठाशी स्टुडंट एक्स्चेंज सुरू करताय? या चुका टाळा

विद्यार्थिनी एक सत्र परदेशात शिकते, तिथली परीक्षा पास होते, ट्रान्सक्रिप्ट घेऊन परत येते. इथे तिसऱ्या सत्राचा निकाल लागतो, तेव्हा तिच्या गुणपत्रिकेवर प्रत्येक विषयापुढे 'अनुपस्थित' छापलेले असते. तिने सगळे नियमाप्रमाणे केलेले असते. पण तिचा परीक्षा अर्ज नेहमीच्या विषयांसाठीच भरला गेला होता आणि परदेशातल्या विषयांसाठी परीक्षा विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडच तयार केलेला नव्हता. एक्स्चेंजच्या तक्रारींच्या मुळाशी गेले, की बहुतेकदा अशीच एखादी आपल्याकडची, आधीच करून ठेवता आली असती अशी गोष्ट सापडते. नागपुरातल्या विद्यापीठ विभागांनी, स्वायत्त महाविद्यालयांनी आणि अभिमत विद्यापीठांनी पदव्युत्तर एक्स्चेंज उभा करताना नेमके कुठे लक्ष द्यायचे, ते पुढे दिले आहे.

एमओयूलाच करार समजणे

शाल-श्रीफळ, फोटो आणि पाच वर्षांचा सामंजस्य करार झाला, की काम झाले असे अनेकांना वाटते. एमओयू म्हणजे फक्त इरादा असतो. त्याच्या भरवशावर कोणतेही परदेशी विद्यापीठ एकाही विद्यार्थ्याला प्रवेश देत नाही. त्यासाठी वेगळा स्टुडंट एक्स्चेंज करार लागतो. वर्षाला किती विद्यार्थी, ते एका सत्रासाठी की दोन, शुल्क कोण कुठे भरणार, नामांकनाची शेवटची तारीख, वसतिगृहाची हमी कोणाची, विमा कोणी काढायचा आणि निकालानंतर ट्रान्सक्रिप्ट किती आठवड्यांत द्यायचे, हे त्यात आकड्यांत लिहिलेले हवे. शुल्काचा रूढ नियम सोपा आहे: विद्यार्थी शिक्षण शुल्क आपल्याच विद्यापीठात भरतो, यजमान विद्यापीठ ते घेत नाही. मात्र विद्यार्थी संघटनेचे शुल्क, सेमेस्टर वर्गणी, प्रयोगशाळा अनामत यांना ही माफी आपोआप लागू होत नाही. त्यांचा उल्लेख नावानिशी करा. करार मुदतीआधी संपला तरी तिकडे पोहोचलेला विद्यार्थी आपले सत्र पूर्ण करेल, हे वाक्यही विसरू नका.

एक्स्चेंज आणि ट्विनिंग (परदेशी संस्थेसोबत ठरवून चालवलेला, काही भाग तिथे शिकायचा अभ्यासक्रम) यांचीही गल्लत होते. यूजीसीचे 2022 चे विनियम ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांच्यासाठी आहेत. पूर्वपरवानगीशिवाय असा कार्यक्रम चालवायचा, तर आपल्या संस्थेचे नॅक गुणांकन किमान 3.01 लागते किंवा ती एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या 100 मध्ये असावी लागते. परदेशी संस्था क्यूएस किंवा टाइम्स क्रमवारीत पहिल्या 1000 मध्ये असावी लागते. ट्विनिंगमध्ये परदेशातले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. साध्या एक्स्चेंजमध्ये पदवी एकच असते आणि ती आपलीच. त्यामुळे माहितीपत्रकात उत्साहाच्या भरात 'ड्युअल' हा शब्द घालू नका. पुढे विद्यार्थी दोन पदव्या मागतील आणि त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

चीनमधील संस्थेशी करार करायचा असेल, तर सहीच्या आधी गृह आणि परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी लागते. ती प्रक्रिया वेळखाऊ आहे.

क्रेडिटचा तक्ता नंतर करू, असे म्हणणे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला 88 क्रेडिट आहेत, म्हणजे सत्राला 22. युरोपात सत्राला 30 ईसीटीएस (तिथले क्रेडिटचे एकक) असतात. तुलना सत्राशी सत्र अशीच करायची. तासांवरून हिशेब मांडायला बसलात, तर दर विषयाला नवा वाद निघेल, कारण ईसीटीएसमध्ये विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अभ्यासाचे तासही धरलेले असतात. 30 ला 22 या प्रमाणात 6 ईसीटीएसचा एक विषय आपल्याकडे 4.4 क्रेडिटचा होतो. तो 4 चा धरला, तर पाच विषय करूनही बेरीज 20 वरच थांबते आणि दोन क्रेडिट कमी पडतात. अशी दोन क्रेडिटसाठी अडकलेली मुले पुढच्या वर्षी एखादा विषय पुन्हा देत बसतात.

दुसरी गाठ आणखी घट्ट आहे. तिसऱ्या सत्राच्या 22 क्रेडिटपैकी साधारण 14 अनिवार्य विषयांचे, 4 ऐच्छिकचे आणि 4 संशोधन प्रकल्पाचे असतात. परदेशातला विषय ऐच्छिकच्या जागी बसवणे सोपे असते. खरी अडचण 14 अनिवार्य क्रेडिटची. 'पेपर क्रमांक 9 च्या बदली कोणता पेपर?' असे एकेक जुळवायला गेलात, तर जगातल्या कुठल्याही दोन विद्यापीठांचे पेपर जुळणार नाहीत. म्हणून अभ्यास मंडळाकडून गटाने मान्यता घ्या: अनिवार्य गटातून विद्यार्थ्याला कोणती कौशल्ये यायला हवीत ते लिहा, यजमान विद्यापीठातले कोणते विषय मिळून ती देतात ते दाखवा आणि संपूर्ण गट एकदम मंजूर करून घ्या.

चालेल अशी एक मांडणी: 6 ईसीटीएसचे चार विषय, म्हणजे 24 ईसीटीएस. त्यांचे 17.6 होतात, ते ठरावाने 18 धरायचे. उरलेला 4 क्रेडिटचा प्रकल्प तिथेच करायचा, एक मार्गदर्शक तिकडचा आणि एक आपला. 22 ची बेरीज पूर्ण होते. यजमान विद्यापीठ सत्राला पूर्ण 30 ईसीटीएस घ्यायला लावत असेल, तर उरलेल्या 6 मध्ये हाच प्रकल्प किंवा तिथला भाषेचा विषय बसतो.

हा तक्ता अभ्यास मंडळ, विद्या परिषद आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळ या तिन्हींतून विद्यार्थी निघण्याआधी मंजूर झालेला हवा. त्याच बैठकीत विषय कोड तयार करून घ्या. प्रत्येक परदेशी विषयाला नवा कोड शक्य नसेल, तर 'एक्स्चेंज गट, 18 क्रेडिट' असा एकच कोड ठेवा आणि विषयांची नावे ट्रान्सक्रिप्टच्या प्रतीसह पुरवणीत जोडा. क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये चढवायचे असल्याने विद्यार्थ्याचा एबीसी आयडी निघण्याआधीच तपासा.

गुणांचे रूपांतरही आधीच ठरवा. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 उत्तीर्ण. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलण्यासाठी तिथे प्रचलित असलेले बव्हेरियन सूत्र उलटे वापरले आणि आपल्याकडे 10 पैकी 4 ला उत्तीर्ण धरले, तर 2.0 चे 8.0 होतात, 3.0 चे 6.0. फ्रान्समध्ये 20 पैकी 10 ला पास. 14 ला तिथे 'चांगला' शेरा मिळतो आणि 16 ला 'फार चांगला'. तिथले 14 गुण सरळ टक्केवारी काढून 70 लिहिणे म्हणजे हुशार मुलाची श्रेणी विनाकारण खाली ओढणे आहे. यजमान विद्यापीठाकडून त्यांच्या गुणांची टक्केवारीनिहाय विभागणी मागवा. युरोपातली बरीच विद्यापीठे ती ट्रान्सक्रिप्टसोबत देतात.

दोन कॅलेंडर शेजारी न ठेवणे

आपले तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि हिवाळी परीक्षेने संपते. जर्मनीतले हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होते, वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. म्हणजे तो विद्यार्थी आपल्या चौथ्या सत्राचे पहिले दोन महिने हमखास गमावतो. जपानमध्येही दुसरे सत्र फेब्रुवारीपर्यंत लांबते. स्वीडनचे शरद सत्र ऑगस्टअखेर ते जानेवारीचा मध्य, तर ऑस्ट्रेलियाचे दुसरे सत्र जुलैअखेर ते नोव्हेंबर. आपल्या तिसऱ्या सत्राशी ऑस्ट्रेलियाचे जवळजवळ पूर्ण जमते, स्वीडनचे थोडक्यात भागते. जर्मनीच हवी असेल, तर चौथ्या सत्रातला 6 क्रेडिटचा प्रकल्प तिथल्या प्रयोगशाळेत करण्याची सोय जास्त सुटसुटीत. तरीही हिवाळी सत्रालाच पाठवायचे असेल, तर तिसऱ्या सत्राचा निकाल राखीव ठेवून चौथ्या सत्राला तात्पुरता प्रवेश देण्याचा ठराव आधीच करून ठेवा.

निवडीची वेळही मागून मोजत या. युरोपातल्या शरद सत्रासाठी नामांकने साधारण एप्रिल-मेमध्ये बंद होतात. म्हणजे निवड फेब्रुवारी-मार्चमध्ये करायला हवी, आणि तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती फार तर पहिल्या सत्राचा निकाल असतो. तोही लांबला, तर परीक्षा विभागाच्या सही-शिक्क्याचे तात्पुरते गुणपत्रक चालेल का, हे यजमान विद्यापीठाला ईमेलने विचारून ठेवा. आणखी एक: नामांकन म्हणजे प्रवेश नव्हे. आपण नाव कळवल्यावर विद्यार्थ्याने त्यांच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करायचा असतो. ही दुसरी पायरी राहून गेल्याने जागा वाया जातात.

'आपल्याकडे कोण येणार?' असे गृहीत धरणे

एक्स्चेंज दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा चालला, तरच शुल्कमाफी टिकते. दोन-तीन वर्षे आपलीच मुले जात राहिली आणि तिकडून कोणी आले नाही, की समोरचे विद्यापीठ जागा कमी करते. त्यामुळे करारात समतोल दरवर्षी न मोजता पाच वर्षांचा धरा, आणि तीन-चार आठवड्यांच्या लघु अभ्यासक्रमाला आलेले किती विद्यार्थी म्हणजे एक पूर्ण सत्र, हे प्रमाणही लिहून घ्या.

नागपूरकडे देण्यासारखे भरपूर आहे. ते नीट मांडले जात नाही, याची खंत वाटते. पर्यावरण अभियांत्रिकीसाठी नीरी, शेतीशास्त्रासाठी केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था, मृदाशास्त्रासाठी अमरावती रोडवरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, खनिजांसाठी भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, हे सगळे एकाच शहरात आहे. पेंच आणि ताडोबा एका दिवसाच्या टप्प्यात. आंबेडकरी विचार आणि बौद्ध अध्ययनासाठी दीक्षाभूमीच्या शहरापेक्षा योग्य जागा कोणती? रामटेकला संस्कृत विद्यापीठ आहे. 'सर्व विषय उपलब्ध' असे लिहिण्यापेक्षा असे दोनच विषय निवडा, इंग्रजीतून शिकवले जाणारे 15 ते 20 ईसीटीएसचे पॅकेज करा आणि सोबतच्या संस्थेचे संमतिपत्र जोडा.

परदेशी विद्यार्थी जुलै ते नोव्हेंबर या काळात बोलवा. एप्रिल-मेच्या 45 अंशांत क्षेत्रभेटी होत नाहीत. डिसेंबरमध्ये परदेशी प्राध्यापकांचा दौरा ठेवू नका. हिवाळी अधिवेशनात विश्रामगृहे आणि हॉटेले भरलेली असतात.

येणाऱ्या विद्यार्थ्याची कागदपत्रे

क्रेडिट घ्यायला येणारा विद्यार्थी पर्यटक व्हिसावर आला, तर अडचण त्याची आणि तुमची, दोघांचीही होते. प्रवेशपत्रावर विभाग, कालावधी आणि अभ्यासक्रमाचे नाव स्पष्ट लिहा, म्हणजे त्याला स्टुडंट व्हिसा मागता येईल. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिकांसाठीच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. वसतिगृहाने किंवा घरमालकाने ज्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणतात ती माहिती 24 तासांत भरायची असते. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू आहे आणि त्यात शैक्षणिक संस्थांवरही माहिती देण्याची जबाबदारी आहे. हे काम वसतिगृहाच्या एका कर्मचाऱ्याला नावानिशी द्या. विद्यार्थी रविवारी पहाटे उतरला, तरी 24 तास तेव्हापासूनच मोजले जातात.

जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे दुर्लक्ष

नावाचा घोळ आधी सोडवा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचे नाव आणि आईचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव आणि इतर नावे वेगवेगळ्या रकान्यांत असतात. परदेशी पोर्टलवर पासपोर्टप्रमाणेच भरायला लावा आणि गुणपत्रिकेवरचे नाव त्याच व्यक्तीचे असल्याचे कुलसचिवांचे पत्र सोबत द्या.

चार-पाच महिन्यांचे सत्र 90 दिवसांच्या शेंगेन व्हिसावर होत नाही. त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच जमा ठेवण्याच्या खात्याचा) हिशेब सप्टेंबर 2024 पासून महिना 992 युरो असा आहे. 1 नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) लागू झाले. एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याला त्यातून सूट आहे का, हे वाणिज्य दूतावासाकडून लेखी मागवा. अमेरिकेच्या जे-1 व्हिसासाठी किमान 1,00,000 डॉलरचे वैद्यकीय विमा संरक्षण बंधनकारक आहे.

पैशांबाबत मुलांना खोटी आशा दाखवू नका. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती परदेशातल्या पूर्ण पदवीसाठी आहे, एका सत्रासाठी नाही. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या योजनेतल्या क्रेडिट मोबिलिटीसाठी अर्ज युरोपीय विद्यापीठच करते, त्यामुळे त्यांच्या अर्जात आपले नाव घालायला वर्षभर आधी सांगावे लागते. महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी परदेशात असताना त्याची इथली हजेरी शून्य दिसते आणि हप्ता अडकतो. 'हा विद्यार्थी मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर असून त्याची उपस्थिती ग्राह्य धरावी' असा आदेश विभागप्रमुखांनी निघण्याच्या आठवड्यातच काढावा. घरी शिष्यवृत्तीवरच शिक्षण चाललेल्या मुलांनी केवळ या भीतीने अर्ज न भरणे हे आपल्या व्यवस्थेचे अपयश आहे.

अडकलेच तर

तिकडे पोहोचल्यावर ठरलेला विषय रद्द झाला, तर लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये (विद्यार्थी तिथे कोणते विषय घेणार याच्या लेखी करारात) बदल तिथल्या नावनोंदणीची मुदत संपण्याआधी करायचा, तोही तिन्ही सह्यांनी: विद्यार्थी, आपला समन्वयक, त्यांचा समन्वयक. तोंडी 'चालेल' म्हटलेले परीक्षा विभागात चालत नाही. ट्रान्सक्रिप्ट पाच आठवडे उलटूनही आले नाही, तर विद्यार्थ्याला पाठवू नका, समन्वयकाने थेट लिहावे. व्हिसा वर्ग सुरू होईपर्यंत आलाच नाही, तर नामांकन पुढच्या सत्रावर ढकलण्याची विनंती करा आणि त्याच दिवशी विद्यार्थ्याचा इथला नियमित परीक्षा अर्ज भरून घ्या. विलंब शुल्कासह अर्ज भरण्याची मुदत संपली, तर त्याचे दोन्हीकडचे सत्र जाते.