जुनी फोल्डिंग सायकल: घेताना काय बघायचं, घरी आणल्यावर काय करायचं

जुन्या फोल्डिंग सायकलीची चेन, टायर, केबल, ब्रेक शू, सगळं बदलता येतं. बिजागरीपाशी तडकलेली फ्रेम मात्र दुरुस्त होत नाही. त्यामुळे रंग, गिअर आणि सीट नंतर बघा. आधी खाली बसा, मोबाइलचा टॉर्च लावा, बिजागरीच्या दोन्ही बाजूंचं वेल्डिंग ओल्या फडक्याने पुसा आणि नीट न्याहाळा. केसाएवढी रेघ दिसली आणि तिच्यावर नख अडकलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. वेल्डर ॲल्युमिनियमची फ्रेम जोडून देईलही, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि तुमचं वजन नेमकं तिथेच येतं.

आता सायकल उघडून उभी करा. पुढचा ब्रेक दाबून ती मागेपुढे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं बिजागरीच्या फटीवर ठेवा. टकटक जाणवली तर आधी लॅच, म्हणजे बिजागरी बंद ठेवणारी खटकी, आवळून बघा. आवळूनही ती राहिली, तर बिजागरीची पिन झिजलेली आहे. हँडलच्या दांड्याचीही अशीच परीक्षा घ्या. हा दांडा लांब असल्याने त्याच्या बिजागरीवर ताण बराच येतो, आणि धावत्या सायकलीची ही बिजागरी सुटली तर सावरायला वेळच मिळत नाही.

मग टायरवरचा आकडा वाचा. '२० इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत ४०६ आणि ४५१ मिलिमीटर असे दोन वेगळे रिम असतात, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. ४०६ चे टायर सहज मिळतात, म्हणून मी तेच सुचवेन. १६ इंची चाकांतही ३०५ आणि ३४९ असा फरक असतो. ब्रॉम्प्टन या फोल्डिंग सायकलींच्या ब्रँडच्या १६ इंची चाकांना ३४९ लागतो. पैसे देण्याआधी मूळ बिल मागा आणि फ्रेम नंबर ताडून घ्या. तो बहुधा पॅडलच्या एक्सलखाली कोरलेला असतो.

घरी आणल्यावर काहीही खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पॅडल काढताना डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरू नका: ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. चेन रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासा, वाळवा आणि मोजा. एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या कडीनंतरच्या पिनच्या मध्यापर्यंत नवी चेन बरोबर १२ इंच भरते. एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, जास्त भरली तर चेन बदला, आणि बहुधा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकती, हीसुद्धा.

हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, छर्रे आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात ते शंकूसारखे भाग) दुकानातून ग्रीस करून घ्यायला हरकत नाही, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणाही, तिथेच काढून घ्या. या खर्चात हात आखडू नका. २० इंची चाक एका किलोमीटरला साधारण साडेसहाशे फेरे मारतं, मोठं ७०० सी चाक पावणेपाचशेच्या आसपास. छोट्या चाकाचे छर्रे त्यामुळे लवकर झिजतात.

बिजागरीतली जुनी माती टूथब्रशने काढा आणि पिनला ग्रीसचा पातळ हात द्या. एकमेकांवर दाबून बसणारे पृष्ठभाग मात्र कोरडेच ठेवा. सीटपोस्टही स्वच्छ पुसून कोरडा ठेवा. तो रोज वरखाली होतो, आणि ग्रीस लावलं तर बसल्यावर हळूहळू खाली सरकतो. वर चढवताना त्याच्यावरची कमाल उंचीची खूण फ्रेमबाहेर येऊ देऊ नका.

केबल बदलताना सगळ्यात जास्त चुका होतात. बाहेरचं आवरण कापण्याआधी सायकल उघडी ठेवून आणि घडी घालूनही लांबी बघा. आखूड कापलं तर घडी घालताना केबल ताणली जाते किंवा मोडते, लांब ठेवलं तर ती चाकात अडकते. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा. ब्रेक आपोआप लागता कामा नये.

शेवटी लॅच: बंद करताना तळहाताने ठाम दाबावं लागेल इतका ताण हवा. बोटाने बंद होणारा लॅच सैल समजा. एक छोटी फेरी मारून या आणि आल्यावर लॅच, सीट क्लॅम्प आणि हँडलचे बोल्ट पुन्हा ऍलन कीने तपासा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर हेच करत राहा, कारण खोलून जोडलेले बोल्ट सुरुवातीला थोडे बसतात आणि सैल पडतात.