घरातील पिसवांचा पुरता नायनाट कसा करावा

घरात कुत्रा किंवा मांजर असेल आणि पिसवा झाल्या असतील, तर अंगावर दिसणाऱ्या पिसवांना भुलू नये. ढोबळमानाने सांगायचे तर घरातील एकूण पिसवांपैकी शेकडा ५ एवढ्याच प्रौढ होऊन प्राण्याच्या अंगावर असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश या रूपांत गालिच्यात, फरशीच्या फटींत, सोफ्याच्या गाद्यांखाली आणि प्राणी झोपतो त्या जागेच्या आसपास असतात. केवळ प्राण्याला आंघोळ घालून पिसवा जातील असे सांगणाऱ्यांचे म्हणून मुळीच ऐकू नये.

आधी पिसवाच आहेत याची खात्री करावी. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त असते. मातीचा कण असा रंग सोडत नाही.

त्यानंतर घरातील प्रत्येक कुत्र्याला आणि मांजरीला एकाच दिवशी औषध द्यावे. एखादे मांजर खाजवत नाही म्हणून त्याला वगळले, तर बाकी सगळ्या कष्टांवर पाणी पडते, कारण रक्त पिऊ लागलेली मादी दीड-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि पुढे दिवसाला ४० पर्यंत अंडी घालू शकते. औषध पशुवैद्यांना विचारून, प्राण्याचे वय आणि वजन पाहूनच घ्यावे. मानेवर घालायचे थेंब असतील तर केस नीट फाकून ते थेट कातडीवर घालावेत. केसांवर राहिलेल्या औषधाचा उपयोग होत नाही. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले कुत्र्यांचे औषध मांजरीला कधीही लावू नये, अगदी अर्धे किंवा पाव करूनही नाही. त्याने मांजरीला झटके येतात आणि जीवही जातो. ससा असेल तर फिप्रोनिल हे पिसवांवरचे दुसरे कीटकनाशक त्याच्यापासून दूर ठेवावे. लसूण खाऊ घालणे किंवा टी ट्री तेल चोळणे यांसारखे उपाय ‘नैसर्गिक’ म्हणून सुचवले जातात, पण या दोन्हींनी कुत्र्यामांजरांना विषबाधा होऊ शकते.

प्राण्याचे अंथरूण दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवावे.

मग सगळे घर व्हॅक्यूम क्लीनरने काढावे, आणि तेही खाटेखाली, कपाटामागे, सोफ्याच्या सांध्यांत आणि भिंतीकडेच्या पट्ट्यांलगत, कारण अळ्या उजेड टाळतात. आतील पिशवी लगेच घट्ट बांधून घराबाहेर टाकावी. त्यानंतर फवारणी करताना मेथोप्रिन किंवा पायरीप्रॉक्सिफेन यांपैकी एक घटक असलेला फवारा निवडावा. हे घटक अंडी आणि अळ्या यांची वाढच रोखतात. खोलीच्या मधोमध ठेवून धूर सोडणारे डबे मी वापरत नाही, कारण तो धूर फर्निचरच्या खाली, जिथे अळ्या असतात तिथे, पोहोचतच नाही. फवारणीच्या वेळी माणसे आणि प्राणी बाहेर ठेवावेत, माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद करावा, आणि जागा पूर्ण वाळल्यावरच आत यावे.

इथपर्यंत बहुतेक जण पोहोचतात. खरी कसोटी यापुढे आहे, आणि मलाही सर्वाधिक त्रास याच टप्प्याने दिला. दोन-तीन आठवडे सारे शांत असते आणि मग एके सकाळी घोट्यांवर पुन्हा लाल ठिपके उठतात, पांढऱ्या मोज्यांवर काळे कण उड्या मारताना दिसतात. औषध निकामी होते असा समज इथेच होतो, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

या पिसवा कोशातून आलेल्या असतात. अळी स्वतःभोवती रेशमी कोश विणते. तो चिकट असल्याने त्याला धूळ आणि धागे चिकटतात आणि तो गालिच्याच्या तळाशी असा रुतून बसतो की डोळ्यांना दिसत नाही आणि व्हॅक्यूमनेही सहसा निघत नाही. कीटकनाशक त्याच्या आत शिरत नाही. आत पूर्ण वाढलेली पिसू ऊब, हादरा किंवा श्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत थांबून राहते. हे थांबणे काही महिनेही चालू शकते. बरेच दिवस बंद असलेले घर उघडताच पिसवांचा हल्ला होतो तो यामुळेच. कोश मारणारा फवारा म्हणून कोणी काही विकत असेल, तर माझा त्यावर विश्वास नाही.

उपाय एकच: पिसवांना कोशातून बाहेर पडू द्यावे आणि बाहेर पडलेली प्रत्येक पिसू अंडी घालण्याआधी मरेल अशी व्यवस्था ठेवावी. यासाठी सुरुवातीचे काही आठवडे रोज किंवा एक दिवसाआड व्हॅक्यूम फिरवावा. त्याच्या हादऱ्यानेच पिसवा बाहेर येतात. प्रादुर्भाव झालेली खोली बंद करून ठेवू नये. औषध दिलेल्या प्राण्याला घरभर नेहमीसारखे वावरू द्यावे, कारण नवी पिसू त्याच्या अंगावर उडी घेते आणि औषधाने मरते. त्याला नातेवाइकांकडे धाडून घर ‘स्वच्छ’ करण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. त्यामुळे भुकेल्या पिसवा माणसांकडे वळतात. प्राण्याच्या औषधाची पुढची मात्रा ठरलेल्या तारखेलाच द्यावी, आधी नाही आणि दुप्पट तर कधीच नाही, आणि हा क्रम किमान तीन महिने मोडू नये.

या काळात अंदाज घेण्यासाठी रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याची उथळ ताटली ठेवावी. तिने घर पिसवामुक्त होत नाही, पण पडणाऱ्या पिसवा आठवड्यागणिक कमी होत आहेत की नाही ते कळते. त्या कमी होत नसतील आणि फणीत ताजी विष्ठा सापडत राहिली, तर औषध केसांवरच राहिले का, लगेच आंघोळ घातली का, बाहेरचे एखादे मांजर घरात येऊन झोपते का, हे क्रमाने तपासावे आणि मगच औषध बदलण्याबद्दल पशुवैद्यांशी बोलावे.

लहान पिल्लाच्या हिरड्या फिकट दिसल्या तर यातील कशाचीही वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. पिसवांनी रक्त शोषल्यामुळे त्याला जीवघेणा रक्तक्षय होऊ शकतो. अंग चाटताना पिसू गिळली गेल्याने प्राण्यांना पट्टकृमी होतात, त्यामुळे शेपटीखाली किंवा विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर जंताचे औषधही विचारून घ्यावे. तीन महिन्यांनंतर ताटली सलग काही आठवडे रिकामी राहिली आणि फणीत काहीच आले नाही, तर फवारणी थांबवावी. प्राण्याचे औषध मात्र घरात बारा महिने ऊब असेल तर वर्षभर चालू ठेवावे.