शिलाईच्या दुकानात वेळेचा हिशेब कसा ठेवावा

ब्लाउज शिवून देणाऱ्या कोणत्याही ताईला विचारा: अस्तर कितीला पडलं, हुकांचं पाकीट कितीचं, कारागिराला नगामागे काय दिलं, हे ती तोंडपाठ सांगेल. त्या ब्लाउजवर तिचे स्वतःचे किती तास गेले, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मग शिलाईचा दर शेजारच्या दुकानाकडे बघून ठरतो आणि लग्नसराईत रात्री जागूनही हाती फारसं उरत नाही. मालकिणीचा वेळ हाही खर्चच आहे, आणि तो मोजायला एक पेन पुरतं.

आधी कामांची नावं ठरवा. मापं आणि ग्राहकाशी बोलणं (मा), कटिंग (क), मशीन (म), हातशिलाई-हुक-इस्त्री (ह), दुरुस्ती (दु), मॅचिंग अस्तरासाठी बाजार (बा), फोन (फो). एवढी 7 पुरेत. यादी लांबली की चार दिवसांत लिहिणं बंद पडतं.

नोंद पिशवीवरच्या चिठ्ठीवर करा. ग्राहकाचं नाव, माप आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी कापडाच्या पिशवीला लावलेली असतेच. तिच्याच मागे कामाचं अक्षर, सुरू केल्याची वेळ आणि थांबल्याची वेळ लिहा: ‘क 11.10–11.35’. मध्येच कुणी माप द्यायला आलं तर ‘थांबले’ची वेळ टाकूनच उठा. वेळ नोंदवायला टॉगल, क्लॉकिफाय अशी ॲप्स आहेत, संगणकावर बसून काम करणाऱ्यांना ती सोयीची पडतात. पण हातात कात्री आणि मांडीवर काठाची साडी असताना फोन उघडणं होत नाही, म्हणून शिलाईच्या कामाला मी कागदच सुचवेन. बाजार आणि फोन एका ब्लाउजचे नसतात, त्यांच्यासाठी काउंटरवर एक वही ठेवा. ‘ताई, झाला का ब्लाउज?’ असे फोन दिवसाकाठी किती वेळ खातात, ते या वहीतच कळतं.

दुरुस्तीकडे विशेष लक्ष द्या. बाही घट्ट झाली, गळा उतरला म्हणून परत आलेल्या ब्लाउजचा वेळ त्याच जुन्या चिठ्ठीवर चढवायचा. त्यासाठी ब्लाउज दिल्यावर चिठ्ठी फेकू नका, महिनाभर तारेला अडकवून ठेवा. हे केलं नाही तर ज्या प्रकारात फिटिंगच्या तक्रारी जास्त, तोच प्रकार कागदावर फायद्याचा दिसतो.

दोन आठवडे लिहा, एक नेहमीचा आणि एक गर्दीचा. हाताखाली मुली असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की हे दर ठरवण्यासाठी आहे, कोण हळू आहे हे शोधण्यासाठी नाही. नाहीतर आकडे खरे येणार नाहीत, आणि त्यांना वाईट वाटेल ते वेगळंच.

बेरीज मिनिटांत करा. दीड तासासाठी संगणकावरच्या एक्सेलसारख्या शीटमध्ये 1.30 लिहिलं आणि दशांश म्हणून मोजलं, तर तो 1 तास 18 मिनिटंच भरतो. 90 लिहा.

आता मुख्य हिशेब. समजा, साध्या ब्लाउजची शिलाई 350 रुपये, सामान 50, वेळ 100 मिनिटं. उरले 300, म्हणजे तासाला 180 रुपये. प्रिन्सेस कट, पाइपिंग, लटकन असलेल्या डिझायनर ब्लाउजची शिलाई 900, सामान 150, आणि दुरुस्ती धरून वेळ 300 मिनिटं. उरले 750, म्हणजे तासाला 150. दिसायला मोठं बिल, पण तासाची कमाई कमी.

यातून दुकानाचा ठरलेला खर्चही निघायला हवा. भाडं, वीज आणि मशीनची देखभाल मिळून महिन्याला 7,800 रुपये, आणि ग्राहकांच्या कपड्यांवर रोज 5 तास असे 26 दिवसांचे 130 तास, तर तासाला 60 रुपये तिथेच जातात. साध्या ब्लाउजवर हाती 120 राहिले, डिझायनरवर 90. दोन्ही सारखे परवडायचे तर डिझायनरची शिलाई 1,050 हवी. दर वाढवायला मन धजत नसेल तर वेळ कुठे जातोय ते चिठ्ठ्यांवर बघा. बहुतेकदा मशीनवर फार कमी करता येत नाही, पण बाजाराच्या चार फेऱ्यांची एक करता येते आणि ट्रायल आधीच घेतली तर दुरुस्ती घटते.

हेच आकडे तारखा देताना वापरा. रोज 5 तास, आठवड्याचे 6 दिवस म्हणजे 1,800 मिनिटं, म्हणजे साधे 18 ब्लाउज. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पावतीपुस्तकात 18 नोंदी झाल्या की एकोणिसाव्या ग्राहकाला पैसे घेण्याआधीच दिवाळीनंतरची तारीख सांगा.