छातीच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत बसणारा सर्जन मुंबईत कसा शोधावा

‘हे डॉक्टर योजनेत ऑपरेशन करतात का?’ असं विचारत मुंबईतली कितीतरी कुटुंबं एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतात. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या या योजनेचा, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, करार रुग्णालयाशी असतो आणि तोही विभागवार. एखादं रुग्णालय मूत्रपिंडाच्या उपचारांसाठी योजनेत असेल आणि छातीच्या शस्त्रक्रियेसाठी नसेलही. एकच सर्जन एका रुग्णालयात योजनेखाली शस्त्रक्रिया करतो आणि दुसऱ्या रुग्णालयात त्याच कामाचं पूर्ण बिल होतं. म्हणून आधी रोगाचं नाव, मग रुग्णालय आणि विभाग, आणि शेवटी सर्जन असा क्रम ठेवा. दमलेल्या, धाप लागणाऱ्या माणसाला घेऊन उलट्या क्रमाने फिरण्यात दिवस जातात आणि छातीच्या आजारात दिवस मोलाचे असतात.

आधी कागदावर शस्त्रक्रियेचं नाव

सुरुवात छातीविकार तज्ज्ञाकडून करा. क्षयरोगानंतर फुप्फुसाभोवती साठलेला पू, खोकल्यातून वारंवार पडणारं रक्त, सीटी स्कॅनमध्ये दिसलेली गाठ, अन्ननलिकेचा अडथळा हे सगळं ‘छातीचं ऑपरेशन’ या एका शब्दाखाली येतं, पण माणसं वेगळी लागतात. फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी सीव्हीटीएस म्हणजे हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यविभागाकडे असतात. त्यातल्या अनेक सर्जनांचा बराचसा वेळ हृदयाच्या बायपास आणि झडपांच्या शस्त्रक्रियांमध्ये जातो, हे लक्षात ठेवा. कर्करोगाचा संशय असेल तर छातीच्या कर्करोगावर काम करणारा शल्यचिकित्सक हवा.

डॉक्टरांना चिठ्ठीवर शस्त्रक्रियेचं नेमकं नाव लिहून द्यायला सांगा: डेकॉर्टिकेशन (फुप्फुसावरचं जाड झालेलं आवरण सोलून काढणं), लोबेक्टमी (फुप्फुसाचा एक खंड काढणं), थायमेक्टमी (छातीतली थायमस ग्रंथी काढणं), जे असेल ते. योजनेत प्रत्येक उपचाराचं ठरलेलं पॅकेज असतं आणि ते या नावावरूनच शोधलं जातं. नुसतं ‘फुप्फुसात पाणी’ सांगून कुणालाच काही ठरवता येत नाही.

कार्डाची तयारी

१ जुलै २०२४ पासून योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढलं आणि पिवळ्या, केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबंही त्यात आली. ‘आपण पांढरे कार्डवाले, आपल्याला कोण देणार’ असं समजून अजूनही काही घरं कर्ज काढतात. तसं करण्याआधी विचारा तरी.

घोटाळा बहुतेकदा नावात होतो. आधारवर एक स्पेलिंग, शिधापत्रिकेवर दुसरं. सुनेचं किंवा धाकट्या मुलाचं नाव चढवलेलंच नाही. रुग्ण घरी आहे तोवरच शिधावाटप कार्यालयात जाऊन हे दुरुस्त करून घ्या. घरातल्या आजी-आजोबांचं वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं केंद्राचं मोफत उपचारांचं कार्ड, काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं.

रुग्णालय गाठणं

योजनेच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि विभाग निवडून रुग्णालयांची यादी पाहता येते, किंवा १५५३८८ वर फोन करा. फोनवर शस्त्रक्रियेचं नाव सांगून विचारा की मुंबई शहर आणि उपनगरात कोणती रुग्णालयं या विभागासाठी संलग्न आहेत आणि हा उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव तर नाही ना. काही उपचार तसे राखीव असतात, आणि खासगी रुग्णालयात जाऊन ते कळण्यापेक्षा घरबसल्या कळलेलं बरं.

माझं मत विचाराल तर गुंतागुंतीच्या फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी पहिला विचार मोठ्या शिक्षण रुग्णालयांचाच करावा: परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे. गर्दी आहे, थांबावं लागतं, बसायला बाकडं मिळेलच असं नाही. पण छातीविकार, भूल, अतिदक्षता, रक्तपेढी सगळं एका आवारात असतं आणि रोज अवघड रुग्ण हाताळणारी माणसं तिथे असतात. कर्करोगासाठी परळचं टाटा स्मारक रुग्णालय. तिथे फाईल काढताना जनरल की प्रायव्हेट हे विचारतात, योजनेतून उपचार हवे असतील तर ते त्याच वेळी स्पष्ट सांगा. क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही पुढच्या शस्त्रक्रियेची वाट विचारा.

शिक्षण रुग्णालयांत ओपीडी युनिटप्रमाणे, म्हणजे डॉक्टरांच्या गटांप्रमाणे, चालते. प्रत्येक युनिटचा वार ठरलेला असतो आणि ज्या युनिटने पहिल्यांदा तपासलं त्यांच्याच वारी परत जायचं असतं. जाण्याआधी चौकशी खिडकीवर वार विचारून घ्या. सकाळी लवकर केसपेपर काढा. सीटीची फक्त रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडीसुद्धा न्या, कारण सर्जन चित्र स्वतः पाहतो. थुंकीच्या तपासण्या, श्वासक्षमतेची चाचणी, ब्रॉन्कोस्कोपीचा (श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा) अहवाल तारखेप्रमाणे लावून एका फाईलमध्ये ठेवा.

आरोग्यमित्र आणि पूर्वपरवानगी

संलग्न रुग्णालयात योजनेचं टेबल असतं आणि तिथे बसलेला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, हा तुमचा पहिला माणूस. भरती होण्याआधीच त्याच्याकडे जा.

‘दादा, डॉक्टरांनी डेकॉर्टिकेशन लिहिलंय. पॅकेजमध्ये बसतं का?’

‘बसतं ताई. पण परवानगी आल्याशिवाय तारीख पक्की धरू नका.’

ही पूर्वपरवानगी रुग्णालय ऑनलाइन मागतं. कागद कमी पडले तर योजनेकडून शंका येते आणि फाईल थांबते. म्हणून शंका आली आहे का, हे अधूनमधून विचारत राहा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेता येते, तेव्हा कागदांसाठी रुग्णाला घरी ठेवू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

मंजुरीनंतर उपचार रोखरहित असायला हवेत. तरी कुणी पैसे मागितले तर कशासाठी ते लेखी मागा, आरोग्यमित्राला सांगा, आणि तिथेच १५५३८८ वर तक्रार नोंदवा. घाबरू नका. योजनेतला रुग्ण उपकारावर आलेला नसतो.

सर्जनला काय विचारावं

योजनेत आहोत म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं अजिबात नाही. अशा शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का, दुर्बिणीतून होईल की छाती उघडावी लागेल, नंतर छातीत किती दिवस नळी राहील, अतिदक्षता विभागात जागा आहे का, हे विचारा. पदवी आणि नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते.

एक प्रश्न मात्र विसरू नका: स्टेपलर पॅकेजमध्ये आहे का? फुप्फुसाचा भाग काढताना वापरला जाणारा हा स्टेपलर आणि त्याची काडतुसं महाग असतात, आणि ऐनवेळी ‘बाहेरून आणा’ म्हटलं की घरच्यांचे हातपाय गळतात. आधी कळलं तर वैद्यकीय समाजसेवा विभागातून ट्रस्टची मदत उभी करता येते.

योजनेत बसलं नाही तर

कामगार विम्याचं कार्ड असलेल्यांनी आपल्या दवाखान्यातून वरच्या रुग्णालयाचं पत्र घ्यावं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा मार्ग सीजीएचएसच्या, म्हणजे त्यांच्या आरोग्य योजनेच्या, आरोग्य केंद्रातून जातो. तसंच मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार आहे, म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज शस्त्रक्रियेआधीच करावा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी

क्षयरोगाचा इतिहास किंवा संशय असेल तर काढलेल्या ऊतीचा काही भाग क्षयरोगाच्या जीनएक्सपर्ट (जंतूंची झटपट जनुकीय तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) तपासणीसाठी जाणार आहे ना, हे सर्जनना विचारा. सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रवात, गेला तर त्यातले जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते सांगता येत नाही. मुंबईत औषधांना न जुमानणारा क्षय इतका आहे की हा नमुना वेगळा ठेवून घेणं अत्यंत गरजेचं आहे. त्याचा अहवाल घेतल्याशिवाय डिस्चार्जची फाईल पुरी झाली असं समजू नका. कल्चरला काही आठवडे लागतात, तेव्हा तो कुठे आणि कोणत्या वारी मिळेल हे घरी निघतानाच लिहून घ्या.